बिनसेलचे नाना

नानांच्या घरात साखर संपते, गॅस संपतो, महिनाअखेरीला पेन्शनही संपते. सेल मात्र कधीच संपत नाही, कारण तो मुळात घरात येतच नाही. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली आहे आणि ती दर रविवारी आंघोळ झाल्यावर नानाच देतात. दिवे गेले की त्यांच्या हातात ती दाबायची बॅटरी असते, कर्रर्र कर्रर्र आवाज करणारी. तिचा उजेड पायरीभरच पडतो, पण आवाजावरून नाना कोणत्या जिन्यावर आहेत ते साऱ्या मजल्यांना कळतं. राहता राहिला टीव्हीचा रिमोट. तो काकूंचा. त्यात दोन पेन्सिल सेल आहेत हे नानांना ठाऊक आहे, पण एखाद्या घरात धाकट्या भावाचं पिणं जसं सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणीच बोलत नाही, तसं ते आहे.

नाना कंजूष आहेत, असा आमच्या सोसायटीत एक गैरसमज आहे. कंजूष माणूस सेलवर प्रेम करतो. तो सेल उन्हात वाळवतो, दातांनी चावून बघतो, रिमोटच्या पाठीत धपाटे घालतो आणि त्यातून आणखी आठवडा काढतो. नाना सेलच्या वाटेला जात नाहीत. एक सेल वाचवण्यासाठी ते डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड असा प्रवास करतील, चारशे रुपयांचं सामान आणतील, घराची दिवसभर कार्यशाळा करतील आणि रात्री समाधानाने जेवतील. हा हिशोब पैशांचा नव्हेच. ‘वस्तूने आपल्याला न विचारता संपू नये’ एवढंच त्यांचं म्हणणं.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. नाना रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. रिले रूमच्या शेजारी बॅटरी रूम असते. तिथे दोन-दोन व्होल्टचे शिशाचे सेल ओळीने मांडलेले, बारा मिळून २४ व्होल्ट. त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजायचं, हायड्रोमीटर बुडवून आकडा वहीत लिहायचा, टोकांवर जमलेला पांढरा क्षार पुसून व्हॅसलीन लावायचं. भर पावसात, मध्यरात्री, दसऱ्याला सुद्धा. नानांच्या जुन्या पँटी काकूंनी अजून पायपुसण्यासाठी ठेवल्या आहेत. सगळ्यांना मांडीवर आणि गुडघ्याखाली बारीक भोकं आहेत. ॲसिडची. “माझ्या नवऱ्याची नोकरी बघायची असेल तर उजेडाला धरा,” असं म्हणून काकू त्यातली एक पँट पाहुण्यांपुढे धरतात.

पण त्याच नोकरीने नानांना एक तत्त्वही दिलं, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. रुळांच्या एका टोकाला थोडी वीज सोडायची आणि दुसऱ्या टोकाला रिले बसवायची. वीज रिलेपर्यंत पोचते आहे तोवर रूळ मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस मिळून दोन रूळ जोडतात, वीज मधूनच परतते, रिले पडते, सिग्नल लाल. इथवर कोणालाही सुचेल. खरी अक्कल पुढे आहे. वायर तुटली तरी रिले पडते. रूळ तुटला तरी पडते. बॅटरी बसली तरी पडते आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबते, धडकत नाही. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने याचं पेटंट घेतलं. नाना त्याला ‘आमचा रॉबिन्सन’ म्हणतात. जी वस्तू बिघडल्यावर लाल होत नाही ती नानांच्या लेखी वस्तूच नव्हे.

असा माणूस निवृत्तीनंतर विमान चालवायला लागला.

विमान अर्थात कॉम्प्युटरमधलं. पुण्याच्या नातवाने आपला जुना कॉम्प्युटर आणि जॉयस्टिक आजोबांकडे आणून टाकली, वर फ्लाइटगिअर नावाचा फुकट मिळणारा सिम्युलेटर घालून दिला. नातवाचा अंदाज होता की आजोबा आठवडाभर खेळतील. पण त्या विमानात, सेसना १७२ मध्ये, नानांना एक गोष्ट सापडली. त्याच्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. इंजिनाला दोन मॅग्नेटो जोडलेले असतात; इंजिन फिरतं, त्यांच्यातलं चुंबक फिरतं, त्यातूनच वीज निघते आणि प्रत्येक सिलिंडरमधल्या दोन-दोन प्लगना मिळते. हवेत असताना बॅटरी पार मेली तरी इंजिन चालू. आणि एक मॅग्नेटो गेला तर दुसरा आहे. हे वाचलं त्या दिवशी नाना माझ्याकडे आले, उभ्या उभ्या हे सगळं सांगितलं आणि चहा न घेता गेले. नानांनी चहा नाकारल्याचा आमच्या घरात तो एकच प्रसंग आहे.

मग रोजचा नेम सुरू झाला. सकाळी फडके रोडला एक चक्कर आणि परत येऊन अहमदाबाद ते जुहू. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते. नाना त्यातला शेवटचा टप्पा घेतात. कराचीपासून निघालं तर जेवायला उशीर होतो.

अडचण उतरण्याची. विमान धावपट्टीच्या बाजूने उलट्या दिशेने पुढे जातं, मग डावीकडे वळतं, पुन्हा डावीकडे वळतं आणि उतरतं. एवढा वेळ धावपट्टी समोर नसते, डाव्या खांद्याकडे असते. खऱ्या विमानात माणूस मान वळवून बघतो. इथे मान वळवली तर काकूंचं शिवणाचं मशीन दिसतं. जॉयस्टिकवरचं बटण दाबून नजर वळवता येते, पण त्यात हात अडकतो.

यावर जगभरच्या घरगुती वैमानिकांनी एक उपाय काढलेला आहे. हेडफोनच्या कडेला एक छोटी फ्रेम लावायची, तिच्यावर तीन इन्फ्रारेड एलईडी, तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर आणि पुढेमागे. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. समोरचा कॅमेरा तीन ठिपके बघतो, ठिपक्यांमधली अंतरं कशी बदलली त्यावरून डोकं किती वळलं, किती झुकलं, किती पुढे आलं ते ओपनट्रॅक नावाचा प्रोग्रॅम काढतो आणि विमानातली नजर तेवढी वळते. तेवढी म्हणजे त्याच्या कितीतरी पट. मान दहा-पंधरा अंश वळवली की विमानात पंख दिसायला हवा, म्हणजे डोळे पडद्यावर राहतात. ठिपक्यांवरून वस्तूची दिशा काढायचं गणित २५ ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसतं असा डीमेंथन आणि डेव्हिस या दोघांचा १९९५ सालचा निबंध आहे. यासाठी तयार यंत्रही मिळतं, पण नानांच्या घरात तयार यंत्र विकत आणणं म्हणजे घरात माणसं असताना डबा मागवणं.

कॅमेरा नानांनी स्वतः उघडला. वेबकॅमच्या लेन्समागे गुलाबी झाक असलेली एक काच असते, ती इन्फ्रारेड अडवते. ती काढायची आणि तिच्या जागी उलटं काम करणारं काहीतरी बसवायचं. साधा उजेड अडवणारं आणि इन्फ्रारेड सोडणारं. त्याला फ्लॉपीच्या आतली काळी चकती उत्तम. नानांनी माळ्यावरून साडेतीन इंची फ्लॉपी काढली, कात्रीने टिकलीएवढा तुकडा कापला, बसवला. मग काकूंनी फ्लॉपीवरचं लेबल वाचलं. त्यावर मुलाचं नाव होतं आणि खाली ‘बायोडेटा, फोटोसह’.

“लग्न झालंय त्याचं,” नाना म्हणाले.

“तेवढं नशीब,” काकू म्हणाल्या.

एलईडींची पहिली फ्रेम, म्हणजे क्लिप, नातवाने मे महिन्याच्या सुट्टीत बनवून दिली आणि तिला तीन पेन्सिल सेलांची डबी लावली. नानांनी नातवाच्या प्रेमापोटी ती चालवून घेतली. ती डोक्यावर असताना नाना कसे दिसतात हे सांगायला हवं. मान खिडकीकडे, डोळे पडद्यावर, हनुवटी किंचित वर. काकूंच्या भिशीच्या बायका आल्या की नाना आपल्याकडे रागाने तिरकं बघताहेत असं त्यांना वाटे, आणि दोघींनी तर मानेसाठी तेल सुचवलं.

आणि मग व्हायचं ते झालं. जुहूची धावपट्टी डाव्या पंखाखाली, नानांनी मान डावीकडे वळवलेली, शेवटचं वळण सुरू, आणि सेल बसले. ठिपके मंद झाले, त्यातला एक कॅमेऱ्याला दिसेनासा झाला, दोन ठिपक्यांवर गणित सुटेना. प्रोग्रॅमने शेवटची नजर होती तशी धरून ठेवली. म्हणजे डावीकडे. नाना मान सरळ करताहेत, खालीवर करताहेत, पण विमानात त्यांना फक्त डावा पंख आणि खालचा समुद्र दिसतो आहे. त्यांनी ते विमान डावीकडे बघत बघत उतरवलं. समुद्रात.

हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “लाल झालं नाही.”

नातवाने फोनवरून हिशोब मांडला. तीन एलईडींना ४५ मिलिअँपिअर लागतात, चांगला सेल २००० मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे चाळीस तासांहून अधिक. रोज दोन तास उडालात तरी वीस दिवस, आजोबा. नानांनी त्याचा हिशोब तिथल्या तिथे उलटवला. एका एलईडीला सुमारे १.३५ व्होल्ट लागतात, तीन एकापुढे एक जोडल्या की ४.०५. सेल नवे असताना ४.५ मिळतात. पण १.५ चा सेल १.३ वर उतरला की तिघांचे झाले ३.९. एलईडी मंदावतात. सेलात निम्म्याहून जास्त जीव शिल्लक, एखादं भिंतीवरचं घड्याळ त्याच्यावर अजून वर्ष काढेल, आणि आपण म्हणतो सेल संपला. “संपलेला नाही. नुसता बसून आहे. असे मी नोकरीत पुष्कळ बघितलेत.”

त्या दिवसापासून क्लिप बिनसेलची करायची, हे ठरलं.

तुम्ही म्हणाल, यात काय, यूएसबीची वायर जोडा. मीही तेच म्हणालो. नाना म्हणाले, डोक्यापासून टेबलापर्यंत वायर घेऊन बसू, आणि दारावर कोणी आलं म्हणून उठलो की कॉम्प्युटर खाली? नको. मी गप्प बसलो. नानांना उत्तर देऊन फायदा नसतो. उत्तर त्यांच्याकडे स्वतःच्या पायाने चालत यावं लागतं, आणि वाटेत त्याला चार ठिकाणी अडवलं जातं.

आधी त्यांनी हेडफोनच्या माइकची पिन तपासली. तिथे दोन-अडीच व्होल्ट मिळाले, पण ती वीज माइकपुरतीच. एलईडी जोडल्याबरोबर मीटरचा काटा आडवा झाला. मग जुन्या कॅल्क्युलेटरची सोलर पट्टी. ती कॅल्क्युलेटरला पोसते कारण कॅल्क्युलेटर जवळजवळ उपाशीच जगतो. हे दोन्ही प्रकार एका दुपारीच निकालात निघाले आणि संध्याकाळी मुलाची जुनी सायकल माळ्यावरून खाली आली.

सायकलला डायनॅमो होता. बाटलीच्या आकाराचा, टायरला घासणारा, ६ व्होल्ट, ३ वॅट. “आपल्याला लागतो पाव वॅट,” नाना म्हणाले, “बाराजणांनी बसून विमान चालवावं एवढी वीज आहे ही.” डायनॅमोची वीज उलटसुलट येते, म्हणून चार डायोडचा ब्रिज, ती थरथरते म्हणून मोठा कपॅसिटर, जोरात पॅडल मारलं की वाढते म्हणून ७८०५, तीन पायांचा रेग्युलेटर, कितीही वाढली तरी ५ व्होल्टच देणारा. सायकल मागच्या स्टँडवर हॉलमध्ये उभी राहिली, हँडलला जॉयस्टिक बांधली गेली, आणि नानांनी टिपॉयवर टिपॉय चढवून मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत आणला.

या योजनेला काकूंचा मनापासून पाठिंबा होता. डॉक्टरांनी नानांना सायकल मारायला सांगून दोन वर्षं झाली होती. रोज अहमदाबाद ते जुहू सायकल मारणार म्हटल्यावर काकूंनी सोफा स्वतः बाजूला ओढला.

पहिल्या दिवशी मी हजर होतो. नानांनी पॅडल मारायला सुरुवात केली, मागचं चाक घरघरलं, एलईडी लागल्या आणि पडद्यावर क्षितिज नाचायला लागलं. वादळ म्हणावं तर वारा शून्य होता. झालं होतं एवढंच, की पॅडल मारताना माणसाचं डोकं दोन बोटं वरखाली होतं आणि प्रोग्रॅम डोक्याची हालचाल कित्येक पटींनी वाढवतो. विमान आपलं शांत चाललेलं. त्यात बसलेला वैमानिक मात्र छतावर डोकं आपटत होता. नाना हळू मारायला लागले तर एलईडी मिणमिणत. जोरात मारलं तर पोटात ढवळे. त्यातून मार्ग काढत ते जुहूपर्यंत पोचले, शेवटचं वळण घेतलं, आणि एकाग्र झाल्यावर माणूस जे करतो ते त्यांनी केलं. पाय थांबले.

ठिपके गेले. डावा पंख. समुद्र.

“कपॅसिटर वाढवला पाहिजे,” घाम पुसत नाना म्हणाले. काकूंनी लिंबूसरबत आणून दिलं, आणि सायकल महिनाभर तरी हलवायची नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं.

सायकल मागे पडली ती रेल्वेच्या जाकिटामुळे. रुळांवर काम करणारे घालतात ते नारिंगी जाकीट, त्यावर चंदेरी पट्टे असतात. त्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की तो इकडेतिकडे न पसरता आला त्याच दिशेला परत जातो. म्हणून मोटरमनला दिव्यात ते जाकीट दुरून झळकताना दिसतं. नानांना एका रात्री आठवलं की डोक्यावर दिवे लावायची गरजच नाही. दिवे कॅमेऱ्याभोवती लावा, कॅमेऱ्याला वीज आहेच. डोक्यावर नुसते तीन चंदेरी तुकडे चिकटवा. सेलही नको, वायरही नको. तयार यंत्रांतही असा एक प्रकार मिळतो हे त्यांना नंतर कळलं. आधी कळलं असतं तर त्यांनी केलं नसतं.

एलईडी आणायला मला घेऊन गेले. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवर ज्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हटलंय तिथे. अरुंद दुकान, छताला टेकलेले खोके, काउंटरवर तिसऱ्याच गिऱ्हाइकाचं सामान. नानांनी एलईडी बोटांत धरून बघितली.

“चलता है ना?”

“अंकल, जलता है.”

“दिखता है?”

“नहीं दिखता.”

“तो जलता है, कैसे मालूम?”

दुकानदाराने नानांकडे नीट पाहिलं. मग एक शब्द न बोलता त्याने एलईडी सप्लायला लावली, मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून तिच्यासमोर धरला आणि फोन नानांकडे वळवला. पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका झळकत होता. नानांनी चष्म्यावरून एलईडीकडे पाहिलं, काहीच नाही. फोनमध्ये पाहिलं, दिवा. रेल्वेतसुद्धा सिग्नलचा दिवा खरंच लागला आहे की नाही हे केबिनला सांगणारी एक वेगळी रिले असते. तीच व्यवस्था या माणसाकडे आहे हे बघून नाना इतके खूश झाले की त्यांनी दहा जास्तीच्या घेतल्या आणि घासाघीस केली नाही.

जाकिटाचा प्रयोग खरं म्हणजे देखणा होता. काळी कानटोपी, तिच्यावर तीन चंदेरी चौकोन, आणि समोर कॅमेऱ्याभोवती एलईडींचं कडं. टोपी डोक्यावर चढवून नाना खोलीभर मोकळे हिंडले, नाचल्यासारखे दोन्ही बाजूंना झुकले. पण परत आलेला उजेड मूळ उजेडाहून फिका असतो. तो दिसावा म्हणून कॅमेऱ्याची संवेदना वाढवावी लागते, आणि ती वाढवली की कॅमेऱ्याला नको ते सगळं दिसायला लागतं. नानांच्या चष्म्याची काच. फळीवरचा स्टीलचा डबा. खिडकीतलं ऊन, कारण उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. चष्मा काढला तर धावपट्टी दिसेना. डबा हलवला. खिडकीला सतरंजी लावली. त्यात टोपी लोकरीची, महिना मे, आणि पंखा लावला की सतरंजी हले.

एवढं सगळं जमलं त्या दिवशी उड्डाणाला संध्याकाळ झाली. जुहू जवळ आलं. काकूंनी नेमाने हातपाय धुतले, देवघरात समई लावली आणि हात जोडले. देवघर नानांच्या बरोबर पाठीमागे. ज्योतीत डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा न दिसणारा उजेडच जास्त असतो. कॅमेऱ्याने नानांच्या कपाळावरचा एक तुकडा सोडून ती ज्योत धरली, आणि विमान धावपट्टीवर टेकायच्या क्षणी वैमानिकाची नजर गरकन फिरून वर आभाळाकडे लागली.

“अगं, समई!” नाना ओरडले.

“लावली,” काकू म्हणाल्या.

विमान पुन्हा समुद्रात. आमच्या मजल्यावर त्यानंतर दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी काकू झाडू मारता मारता नानांच्या टेबलाशी थांबल्या. नाना मिळेल त्या कागदावर काहीतरी तिरकं काढत बसले होते, त्यात एक पिसाची पवनचक्की असल्यासारखं मला वाटलं, पण मी खोलात गेलो नाही.

“अहो, पण कानाला वायर आहेच की तुमच्या,” काकू म्हणाल्या. “आवाज येतो तो कुठून येतो? तिच्याच जोडीने दुसरी बांधा ना. उठताना एकीला सांभाळता, दोघींना सांभाळा.” आणि पाय वर घ्या म्हणाल्या, टेबलाखालचं काढायचं होतं.

नानांनी पाय वर घेतले. ते बराच वेळ वरच राहिले.

त्या दुपारचं काम मी शेजारी बसून पाहिलं. निकामी चार्जरची केबल त्यांनी मधोमध कापली. आत चार तारा निघाल्या, लाल, काळी, हिरवी, पांढरी. हिरवी आणि पांढरी निरोपाच्या, त्या आखूड कापून वेगवेगळ्या टेपमध्ये गुंडाळल्या. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी परतीची. पाचातून ४.०५ वजा, उरले ०.९५. त्याला २२ ओहमचा रेझिस्टर, पट्टे तांबडा-तांबडा-काळा, म्हणजे ४३ मिलिअँपिअर. यूएसबीच्या तोंडातून ५०० पर्यंत घेता येतात, तेव्हा कॉम्प्युटरला कळणारही नाही. तरी नानांनी वायरीत एक फ्यूज घातला. सोल्डरचा धूर, नाकावर घसरलेला चष्मा, आणि एलईडीचा लांब पाय कोणत्या बाजूला हे पुटपुटणं. तिन्ही एलईडी एकापुढे एक. नातवाने फोनवर सुचवलं होतं की प्रत्येकीला वेगळा रेझिस्टर देऊन शेजारी शेजारी जोडा, एक गेली तरी दोन चालू राहतील. नाना म्हणाले, “तेच नको. दोन चालू राहिल्या तर वाटेल सगळं ठीक आहे. एक गेली की तिन्ही विझल्या पाहिजेत.”

राहिला लालचा प्रश्न. ओपनट्रॅकमध्ये त्यांना एक सोय सापडली, ठिपके हरवले तर नजर होती तिथे न ठेवता सरळ समोर आणायची. समोर म्हणजे धावपट्टी, समोर म्हणजे घड्याळं. नानांनी ती खूण केली आणि केबल मुद्दाम उपटून पाहिली. नजर हळूच मधोमध आली. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. मग काकूंना बोलावून दाखवलं, मग वॉचमनला. “आमचा रॉबिन्सन,” ते वॉचमनला म्हणाले. वॉचमनने नमस्कार केला.

तेव्हापासून नाना रोज कोरडे उतरतात. वायर हेडफोनच्या वायरीला शिवणाच्या दोऱ्याने बोटाबोटाच्या अंतरावर बांधली आहे, बांधणी काकूंची. सायकल अजून हॉलमध्येच आहे, तिच्यावर नाना विमानाशिवाय बसतात आणि फार कंटाळतात.

मध्यंतरी एके दिवशी सकाळी अकराला नाना मला बोलवायला आले. जुहूला मध्यरात्र झाली होती. अहमदाबादलाही. फ्लाइटगिअर सूर्य कुठे ठेवायचा ते कॉम्प्युटरच्या घड्याळावरून ठरवतो आणि घड्याळात भलतंच वर्ष, भलतीच वेळ. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली असती, पण उड्डाणाच्या वेळी नाना ती वायर काढून ठेवतात. मी नातवाला फोन लावला. तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला, जणू आजोबांना पुण्यातून ऐकू जाईल. म्हणाला, मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायला. तो गेलाय. आजोबांना हे कधी सांगितलेलं नाही. काका, प्लीज.

कॅबिनेटच्या आतलं खातं नातवाचं आणि बाहेरचं आपलं, अशी नानांनी पहिल्या दिवशीच विभागणी केली होती, त्यामुळे ते आत कधी डोकावले नव्हते. काकूंना मी जिन्यात गाठून सांगितलं. त्या काही न विचारता पिशवी घेऊन आल्या आणि नानांना भाजीला घेऊन गेल्या. मी दोन स्क्रू काढले, जुना सेल नखाने उचकटला, नवा बसवला, वेळ लावली, सगळं जसंच्या तसं केलं. नाना परत आले तेव्हा जुहूवर लख्ख ऊन पडलं होतं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. कॅबिनेटच्या स्क्रूंकडे पाहिलं. मेथीची जुडी काकूंच्या हातात दिली आणि माझ्यासमोर तळहात पसरला.

“जुना कुठाय?”

मी खिशातून काढून दिला. नानांनी ड्रॉवरमधून मीटर काढला, दोन्ही टोकं लावली, चष्मा वर केला.

“दोन पॉइंट चार,” ते म्हणाले. “म्हणजे हाही संपलेला नाही, बघ.”

“टाका तो आता,” आतून काकूंचा आवाज आला.

“टाकतो की,” नाना म्हणाले, आणि सेल शर्टाच्या खिशात टाकून विमानात जाऊन बसले.